लाल लोकरीची खूण

१२ मे

माझ्या मुलाने, रेमोने, मठाची खाणावळ घेतली, तेव्हा मी म्हटलं होतं की डोंगराच्या टोकावर जेवायला गिधाडंच येतील. आज स्वतःच टोपली घेऊन वर गेले. वाट माझ्या पायांना पाठ आहे. सान वेरानोचा मठ होता तिथेच आहे, कड्याला धरून. पूर्वी भोजनघरात मठवासी ओळीने बसायचे, आता एकटे फादर आन्सेल्मो उरलेत आणि त्यांचा संधिवात.

पन्नासेक माणसं होती. माझी सून लोरेदाना शहरातली, तोरिनोची, त्यामुळे मी पोटात फारशी जागा ठेवून गेलेच नव्हते. तिने पोलेंता केली होती, मक्याचं पीठ तांब्याच्या हंड्यात तासभर घोटून, त्यात आपल्याच कुरणावरचं तोमा चीज विरघळवून, वर तपकिरी लोणी. मी दुसऱ्यांदा घेतली.

"आई, कशी झालीय?"

"दोनदा घेतली ना? आता काय मानपत्र देऊ?"

"सांगितलंत तर बरं वाटेल."

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. मीठ बरोबर होतं.

दोघांनी तोरिनोचं घर विकलं, नोकऱ्या सोडल्या. फादर म्हणालेत, ऑक्टोबरात संताचा सण नीट पार पडला तर चाव्या कायमच्या तुमच्या, नाहीतर राम राम. रेमो हसत सांगत होता, पण आवाज कोरडा होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस परत कुठे जाणार?

माझं काम मात्र कुणी द्यायचं नव्हतं, ते माझंच आहे. आपल्या खोऱ्यात पाहुणा जेवून निघाला की घरातली थोरली बाई उंबऱ्यात उभी राहते आणि जेन्सियाना या डोंगरी झाडाच्या मुळीची कडू दारू, आमचा 'कडू', हातात देते. चिमुकला पेला, एका घोटाचा. तो घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, आणि वाढणारीने सगळ्यांच्या शेवटी, उरला तर प्यायचा. खाणावळ त्यांची, उंबरा माझा.

२९ मे

हल्ली पेनं फार फिकी येतात. आता मी बातिस्ताच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सुतारकामाच्या पेन्सिलीने लिहिते. ठळक उमटतं. वहीही मोठ्या ओळींची आणली.

रेमो आज म्हणाला, "आई, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"कुणाचे डोळे?"

"तुझे."

"माझे जागेवर आहेत. तुझे दाखव, बायको निवडताना कुठे होते?"

लोरेदाना तिथेच भाजी निवडत होती, हे मला नंतर कळलं. बिचारी काही बोलली नाही. बोलायला हवं होतं तिने, मला भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझी मैत्रीण तिल्दे, तिच्या नणंदेला असंच 'नुसतं दाखवून येऊ' म्हणून खाली नेलं. दाखवलं, आणि तिथूनच वृद्धाश्रमात. तिची कोंबडीसुद्धा तिला पुन्हा दिसली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिल्दे संध्याकाळी आली होती. शाळेपासूनची मैत्रीण, जीभ माझ्याहून तिखट. म्हणाली, "देल्फिने, माझ्या कानाशी काय बोलतेस? तोंड इकडे आहे माझं."

"तोंडाकडे बघण्यासारखं काय उरलंय त्यात," मी म्हटलं. दोघी हसलो. समोर सरळ बघितलं की माणसाचं तोंड धुरकट होतं, कडेने बघितलं की बरं दिसतं. थकवा असेल. उन्हाळा लवकर आलाय.

८ जुलै

आज खुणा बांधून आले.

सासूने मला ही जागा दाखवली ती तिचे हात थरथरायला लागल्यावर. तोवर वीस वर्षं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रीत अशी की जुलैत जेन्सियाना पिवळी फुलते तेव्हा तिच्या दांड्याला लाल लोकर बांधायची. मुळी खणायची सप्टेंबरात, तेव्हा फूल नसतं, पान सुकलेलं असतं, म्हणून खूण. त्याच कुरणावर वेरात्रोही उगवते. दिसायला जुळी बहीण, पण विषारी. सासू म्हणायची, "खरीची पानं समोरासमोर असतात, जेवायला बसलेल्या नवरा-बायकोसारखी. एकाआड एक, जिन्यासारखी चढत गेली असतील तर हात लावू नकोस, गाईसुद्धा लावत नाही."

लोरेदाना म्हणाली, "आई, मी येते बरोबर. टोपली तरी धरते."

"टोपली मला जड होत नाही."

"वाट निसरडी आहे. काल पाऊस झालाय."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून निसरडी आहे ती."

तिने विचारलं, "जागा मला कधी दाखवणार?"

"माझे हात थरथरायला लागले की." मी हात पुढे करून दाखवले. दगडासारखे स्थिर.

यंदा फुलांत रंग नाही. पावसाने पार धुऊन काढलीत, पांढुरकीच वाटतात. पण उंच आहेत, दाट आहेत, पूर्वी कधी इतकी एका ठिकाणी मिळाली नव्हती. टोपलीतली सगळी लोकर संपली.

२१ जुलै

हात भाजला. लोरेदानाने हंडा नेहमीच्या जागेवरून उचलून पुढे ठेवला होता. स्वयंपाकघरात वस्तू फिरवायच्या आणि मग म्हातारीला मलम लावत बसायचं. वर म्हणते कशी, "हंडा तिथेच होता, आई." नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत.

मलम लावताना तिचा हात हलका होता, हेही लिहून ठेवते.

खाणावळ बरी चाललीय. फ्रान्सहून चालत आलेले यात्रेकरू आज ताटं पुसून गेले. अंड्याच्या शेवया, भाजलेल्या मांसाचा रस, शेवटी कोको आणि बदामी बिस्किटांचं पुडिंग, बुनेत. एक जण माझा कडू पिऊन म्हणाला की देवाने जेवण रांधलं आणि तुम्ही त्यावर शिक्का मारला. लोरेदानाच्या जेवणाला देव म्हणाला, याचा मात्र राग आला.

३ सप्टेंबर

मुळ्या आणल्या. लाल रंग मला लांबूनही दिसतो, त्यामुळे कोण म्हणतं डोळे गेले? थेट चालत गेले, खणलं, भरलं. सगळ्या खणायच्या नसतात, थोड्या पुढच्या वर्षाला ठेवल्या.

चिरताना आतला रंग पिवळा दिसेना. रेमोने स्वयंपाकघरात तो नवा दिवा लावलाय ना, त्यात सगळंच पांढरं दिसतं. बातिस्ताच्या वेळचा पिवळा दिवा होता तेव्हा लोणीसुद्धा लोण्यासारखं दिसायचं. मुळीला बारीक फाटेही बरेच होते. ओली माती, फाटे फुटणारच.

बोट चाटून पाहिलं. जीभ बधिर झाली, थेट ओठांपर्यंत. यंदाचा कडू जहाल होणार. बरणीत दारू ओतून कपाटात ठेवली.

२२ सप्टेंबर

मठाच्या भोजनघराच्या पायऱ्यांच्या कडेला लोरेदानाने पिवळी पट्टी चिकटवलीय, जाडजूड.

"हे कशाला? म्हातारीसाठी?"

"पाहुण्यांसाठी, आई."

आमच्या घरातल्या जिन्यालाही चिकटवलीय. घरात कोण पाहुणे येतात, ते मात्र विचारायचं राहिलं.

१५ ऑक्टोबर

सण झाला. हात दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

अख्खं खोरं वर आलं होतं. फादरनी संताची मिरवणूक मठाभोवती फिरवली, वारा इतका की झेंडे धरणारे पुरुष वाकले होते. मग जेवण. लोरेदाना तीन दिवस झोपली नव्हती. आधी बान्या काउदा, लसूण आणि खारवलेले मासे तेलात मंद शिजवून मातीच्या वाट्यांतून, त्यात बुडवायला कार्दो भाजीची देठं आणि भाजलेल्या मिरच्या. भोजनघरभर लसणाचा वास आणि गप्पांचा कल्ला. मग पिठाच्या पारीत सारण भरलेले आन्योलोत्ती, मग जंगलातल्या अळंब्या घातलेली पोलेंता, मग चेस्टनट. तिल्दे माझ्याशेजारी बसून बोटं चाटत होती.

"देल्फिने, मरायच्या आधी सुनेला एकदा चांगली म्हण."

"मरायला अवकाश आहे."

"तुला असेल. मला बघ, डॉक्टरने हृदयाच्या गोळ्या वाढवल्यात."

"हृदय आहे का तुला?"

मग मी उंबऱ्यात उभी राहिले. नव्या बरणीतला कडू, दोन बाटल्या भरून नेल्या होत्या. एकेक जण आला, पेला घेतला, तोंड वाकडं केलं, हसला. फादर म्हणाले, यंदा संतालाही घाम फुटेल. तिल्दे दोनदा आली. "दे गं अजून एक. जीभ चुरचुरतेय, म्हणजे पोट साफ होणार." मी दिला. रेमो आणि लोरेदाना चुलीशी होते, त्यांना वेळ झाला नाही. शेवटी माझ्यासाठी थेंब उरला नाही. बाटल्या संपल्या, म्हणजे सण पावला. फादर चाव्या देणार, मला खात्री आहे.

फादरना जरा मळमळतंय म्हणे. तीनदा पोलेंता घेतली होती त्यांनी.

१७ ऑक्टोबर

तिल्दे गेली.

दुसरं काय लिहायचं ते कळत नाही.

चाळीसेक जण आजारी पडले. वांत्या, हातपाय गार, नाडी सापडेना. फादरना खाली इस्पितळात नेलं, ते वाचतील. तिल्देचं हृदय थांबलं. तिचा मुलगा म्हणाला, शेवटी ती 'देल्फिने' अशी हाक मारत होती, चष्मा विसरलीस का म्हणून विचारत होती. काहीतरी बरळली असेल बिचारी, मी कुठे चष्मा लावते.

फौजदार आले होते. मी सरळ सांगितलं, अळंब्या. लोरेदानाने विकत घेतल्या होत्या, कुणाकडून देव जाणे. मी खोटं का बोलू? शहरातल्या बाईला अळंबीतलं काय कळतं? ती दारात उभी होती. मला तिचं तोंड दिसलं नाही. खाणावळीला सील लागलं.

२० ऑक्टोबर

तिल्देला पोचवून आलो. आपल्याकडे मयतीनंतर माणसांना जेवू घालतात. तिच्या घरी सूप आणि उकडलेलं मांस होतं, पण कुणी चमचा उचलेना. सगळे आपापल्या ताटाकडे संशयाने बघत होते. मी जेवले. तिल्देच्या घरचं मी कधी टाकलं नाही.

आज घरात लोरेदानाने विचारलं, "आई, कडूची बरणी कुठे आहे?"

"कपाटात. का?"

मी कपाटाचं दार उघडल्याचा आवाज ऐकला, मग मोरीत ओतल्याचा. धावत गेले. ती बरणी राखेने घासत होती.

"माझी मेहनत आहे ती," मी म्हटलं.

"हो."

"माझ्यावर राग काढायचा तर माझ्यावर काढ."

"तुम्ही त्या मुळ्यांची सालं कुठे टाकलीत?"

"खताच्या खड्ड्यात. तीही घासणार आहेस का?"

ती अंगणात गेली आणि पावसात खड्डा उपसत बसली. रेमो म्हणतो तिला एकटीला राहू दे. अळंब्यांचं कळल्यापासून डोकं फिरलंय तिचं. मला दयाही आली आणि रागही, पण राग जास्त.

२४ ऑक्टोबर

अळंब्या नव्हत्या. इस्पितळातून कळलं की वेरात्रोच्या मुळीचं विष होतं, ते कडूतून गेलं.

आणि ऐका. लोरेदानाने फौजदारांना लिहून दिलं की मुळ्या तिने खणल्या. "सासूबाई फक्त पेले भरतात," म्हणाली. तिला ठाण्यातच ठेवून घेतलंय.

खोटारडी. तिला जागा माहीत नाही. तिला लोकर माहीत नाही. चाळीस वर्षं ज्या कडूने या खोऱ्याची पोटं सांभाळली, तो 'मी केला' म्हणते. म्हणजे मी कोण, पेले धुणारी? आणि माझ्या मुळीत वेरात्रो कशी असेल? इस्पितळातल्या पोरांनी काहीतरी घोळ घातला असणार. रेमो टेबलाशी बसून रडत होता. मी त्याला म्हटलं, तुझी बायको माझं नाव चोरतेय. त्याने माझ्याकडे असं बघितलं असावं की... मला दिसलं नाही. तो उठून गेला.

उद्या वर जाते. न खणलेल्यांपैकी एक दांडा पानांसकट आणून फौजदारांच्या टेबलावर ठेवते. कळू दे कोण खोटं बोलतंय.

२५ ऑक्टोबर

गेले होते.

कुरणावर दहिवर होतं. लाल लोकर कडेने दिसली, पहिल्या दांड्याशी वाकले. खणून नेणार होते, पण आधी पानांवरून हात फिरवला. सासूने तसंच शिकवलं होतं, डोळे मिटून. मी किती वर्षं हात फिरवला नव्हता, आठवत नाही. फूल दिसायचं, पुरे व्हायचं.

पहिलं सुकलेलं पान हाताला लागलं. त्याच्या समोर बोटं नेली, तिथे काही नव्हतं. वर दुसरं पान, दुसऱ्या बाजूला. त्याच्या वर तिसरं. जिन्यासारखं.

दुसऱ्या दांड्याला बघितलं. तिसऱ्याला. माझीच लोकर, माझीच गाठ.

तिल्दे दोनदा आली होती. मीच दिला. पेन फिकं नव्हतं आणि दिवाही पांढरा नव्हता. तिल्दे, मी तुला मारलं गं.

२६ ऑक्टोबर

ठाण्यात गेले. रेमोला सांगितलं नाही, बसने गेले. फौजदारांना म्हटलं, मुळ्या मी खणल्या, तिला सोडा.

त्यांनी खुर्ची दिली, माझा हात धरून तिच्यावर टेकवला. म्हणाले, "देल्फिनाबाई, सुनेसाठी जीव तुटतोय, समजतं. पण कोर्टात असं चालत नाही."

"मी खरं सांगतेय."

"तुम्हाला दिसत नाही ना."

"कोण म्हणतं?"

ते हळूच म्हणाले, "अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, बाई. तिल्देबाई तर सगळ्यांना बजावायच्या, तिच्यासमोर कुणी बोलू नका, तिला लागेल म्हणून. दुकानदार तुमच्या पिशवीत वस्तू हातानं लावून देतो, ते उगाच का? आंधळ्या बाईनं डोंगर चढून मुळ्या खणल्या, हे मी कुणाला पटवून देऊ?"

झाकली मूठ, झाकली मूठ म्हणत होते. मूठ केव्हाच उघडी होती, फक्त मलाच दिसत नव्हती.

लोरेदानाला भेटू दिलं. तिला म्हटलं, "माझ्यासाठी असं करायला तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. आवाज थंड होता. "तुमच्यासाठी मी बोटही उचललं नसतं. अळंब्या म्हणालात तुम्ही, मी दारातच होते."

"मग?"

"रेमोला आईला तुरुंगात पाठवून जगता आलं नसतं. आणि मला मे महिन्यापासून माहीत होतं, आई. मी समोरच भाजी निवडत होते आणि तुम्ही रेमोला 'बायको निवडताना डोळे कुठे होते' म्हणालात, तेव्हापासून. तरी जुलैत तुम्हाला एकटीला जाऊ दिलं. भांडण नको म्हणून. मग दोष माझाच म्हणाले, तर खोटं कुठे बोलले?"

ती तिथेच होती हे मला नंतर कळलं होतं, पण समोर असून दिसली का नाही, ते मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

२८ ऑक्टोबर

फौजदारांना म्हटलं, आंधळी म्हणता ना, मग माझ्या मागून चला. सुनेलाही आणा. तिला विचारा, जागा कुठे. तिला सांगता आलं नाही. मी पुढे झाले.

वाटेत रेमोने हात धरायला बघितला, मी धरू दिला नाही. बोललाच नाही तो माझ्याशी, चार दिवस झाले. मठ मागे राहिला. सील लागलेल्या दारापाशी मी थांबले नाही. फादरनी निरोप पाठवलाय, खाणावळ आता कुणालाच नाही. लोरेदानाचा हंडा अजून आत आहे.

कुरणावर पोचल्यावर मी सरळ गेले आणि पहिल्या गाठीवर हात ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. फौजदारांच्या शिपायाने फोटो काढले. फौजदार म्हणाले, "पुरे, बाई. पटलं."

ते खाली वाटेशी जाऊन उभे राहिले. आजच्या दिवस मला घरी जाऊ देणार होते, उद्या सामान घेऊन यायचं. तिथून कुठे नेतील ते ठरायचंय. वय बघून तुरुंगात घालणार नाहीत, खालच्या आश्रमात ठेवतील, असं रेमो कुणाशी तरी बोलताना ऐकलं.

मी लोरेदानाला हाक मारली. ती आली, पण दोन हात लांब उभी राहिली.

"ही जागा," मी म्हटलं. "सासूने मला दाखवली, मी तुला दाखवतेय."

"आता काय करू तिचं?"

मी म्हटलं, "लोकर सोडून टाक सगळी. पुढच्या वर्षी दुसरं कुणी खूण बघून खणायला नको."

ती एकेक गाठ सोडू लागली. गाठी घट्ट होत्या, माझे हात स्थिर होते ना तेव्हा. मी गवतात बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते. मग टोकाला, खडकापाशी, ती थांबली.

"आई."

"काय?"

"हिची पानं समोरासमोर आहेत. दोन-दोन. ही खरी आहे." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ही एकच. हिचीही सोडू?"

मी म्हटलं, "सोड."